उलटी थांबली, मळमळ राहिली

मळमळ, उमासे आणि उलटी हे तीन शब्द आपण रोजच्या बोलण्यात वेगवेगळे वापरतो. मळमळ ज्याची त्यालाच कळते. उमासे शेजारी बसलेल्यालाही दिसतात, पण बाहेर काही पडत नाही. उलटी दिसते, ऐकू येते आणि मुख्य म्हणजे मोजता येते. वैद्यकशास्त्रही या तीन गोष्टी वेगळ्या मानते. असे असूनही कॅन्सरवरील औषधांमुळे होणाऱ्या या त्रासावर जे संशोधन झाले, त्यात पुष्कळ वर्षे प्रामुख्याने मोजली गेली ती उलटीच. मळमळीची पाळी उशिरा आली. असे का झाले आणि त्यात काय राहून गेले, ते या लेखात पाहू.

विषय सुचला तो ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागामुळे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कुणाला कॅन्सर झाल्याचे सांगताना लोक रोगाचे नाव सहसा घेत नाहीत. ‘टाटाला नेलंय’ एवढेच म्हणतात आणि ऐकणारा समजतो. टाटा म्हणजे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. तिथली जाडजूड फाइल घरी आली, की ती वाचून दाखवायला पुष्कळदा शाळेतल्या शिक्षकालाच बोलावणे येते. मग प्रश्न येतो तो असा : ‘गुरुजी, कालपासून उलटी नाही. ही गोळी आता बंद केली तर चालंल ना?’ प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मिळायला मात्र वैद्यकशास्त्राला काही दशके लागली.

परळ ते आसनगाव

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. (आपण शाळेत विज्ञान दिन साजरा करतो तीच तारीख; अर्थात हा केवळ योगायोग.) १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. सुरुवातीच्या काळात कॅन्सरचे उपचार म्हणजे मुख्यतः शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. शिरेतून औषध देऊन कॅन्सरच्या पेशी मारण्याची पद्धत, म्हणजे केमोथेरपी, जगातच अजून जन्मायची होती.

दूरचे रुग्ण मुंबईत मुक्कामाला राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असे कितीतरी जण उतरतात. शहापूर-मुरबाडची गोष्ट वेगळी आहे. इथून परळ इतके जवळ आहे की मुक्कामाची गरज वाटू नये, आणि इतके दूर आहे की आजारी माणसाने रोज जाऊ नये. शहापूरकरांना आसनगाव स्टेशनावर यावे लागते. तिथून मुंबई सुमारे ८५ किलोमीटर. मुरबाडला रेल्वे नाही. एस.टी.ने आधी कल्याण गाठायचे, मग लोकल. सकाळी निघून, सलाईनमधून औषध घेऊन, संध्याकाळच्या गाडीने परतणारे रुग्ण म्हणूनच पुष्कळ असतात. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येते, ही चांगली सोय आहे. पण मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते. ज्याला केव्हाही उलटी होईल अशी धास्ती आहे, त्याला दोन तासांचा हा प्रवास किती लांबचा वाटत असेल याची आपण कल्पना करू शकतो.

मोरचूद आणि मेंदू

केमोथेरपीचे मूळ युद्धातल्या विषारी वायूत आहे. मस्टर्ड वायूशी नाते असलेले नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात एका रुग्णाला देण्यात आले. लसिका ग्रंथींची गाठ विरघळली, पण थोड्याच काळापुरती. युद्धकाळातील गुप्ततेमुळे हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधाने प्रचंड उलट्या होत. औषध विषारीच आहे, तेव्हा उलट्या होणारच, अशी त्या वेळी समजूत होती. ती अगदीच चुकीची नव्हती. विष पोटात गेले तर ते बाहेर टाकणे हे उलटीचे मूळ कामच आहे. प्रश्न असा, की औषध तर शिरेतून दिले. पोटात गेलेच नाही. मग शरीराला ते कळले कसे?

याचे अर्धे उत्तर बोरिसन आणि वँग या दोन अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९५० च्या आसपास दिले. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेच्या वरच्या अंगाला, एक लहानसा भाग असतो. मेंदूत इतरत्र रक्तातील बरीच रसायने अडवली जातात, तशी ती इथे अडवली जात नाहीत. जणू रक्ताची चव घेत बसलेला हा पहारेकरी. कुत्र्यांमध्ये हा भाग काढून टाकल्यावर अपोमॉर्फिन टोचले तरी त्यांना उलटी होईना. पण तोंडावाटे मोरचूद दिल्यावर मात्र ती झालीच! म्हणजे उलटीच्या केंद्राकडे जाणाऱ्या वाटा किमान दोन : एक रक्तातून मेंदूतल्या पहारेकऱ्याकडे, दुसरी पोटातून चेतातंतूंमार्फत. मोरचूद हा शब्द ऐकताच आठवीच्या मुलांना निळे स्फटिक आठवतात. त्यांना हा प्रयोगही सांगावा. एक वाट बंद केली आणि दुसरी उघडी निघाली, एवढ्यावरून किती निष्कर्ष काढता येतो, हे त्यात छान दिसते.

त्या काळी पहिल्या वाटेवरच लक्ष होते. तिथला संदेश डोपामिन या रसायनामार्फत जातो, म्हणून डोपामिनला अडवणारी औषधे वापरली गेली. १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेले, मनोविकारांवर प्रसिद्ध झालेले क्लोरप्रोमाझिन त्यांतलेच. १९६४ मध्ये आलेले मेटोक्लोप्रमाइड आपल्याकडे ‘पेरिनॉर्म’ म्हणून घरोघरी माहीत आहे. या औषधांनी थोडा गुण येई. पण पुढे असे एक औषध आले की त्याच्यापुढे ती तोकडी पडली.

बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. विजेची अग्रे प्लॅटिनमची होती, कारण प्लॅटिनम कशाशी अभिक्रिया करत नाही असे मानले जाते. प्रयोगात जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते नुसतेच लांबच लांब वाढत गेले. पुष्कळ तपासानंतर दोष विजेचा नसून प्लॅटिनमचा निघाला. द्रावणात त्याची संयुगे तयार झाली होती. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतले एक संयुग म्हणजे सिसप्लॅटिन. अमेरिकेत १९७८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. वृषणाचा पसरलेला कॅन्सर त्याने बरा होऊ लागला. आपल्याकडे तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवरही ते किरणोपचारांच्या जोडीने देतात. पण उलटीवरचे औषध न देता सिसप्लॅटिन दिले तर दहांतल्या नऊहून अधिक जणांना उलट्या होतात. बरे करणारे औषध हाती असूनही रुग्ण पुढचे सलाईन नाकारून निघून जाऊ लागले. उलटीचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो इथून.

उंदीर ओकत नाही

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्राला यांनी मेटोक्लोप्रमाइड नेहमीच्या कितीतरी पट मात्रेत देऊन पाहिले आणि सिसप्लॅटिनच्या उलट्या बऱ्याच कमी झाल्या. त्याच सुमारास डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचाही उपयोग होतो असे दिसले. हे औषध स्वस्त असून आजही वापरात आहे. ग्रालांच्या प्रयोगातून एक कोडे मात्र उभे राहिले. डोपामिनला अडवणारी इतर औषधे होतीच. मग मोठ्या मात्रेत मेटोक्लोप्रमाइडच एवढे परिणामकारक का? डोपामिनखेरीज ते आणखी कशाला तरी अडवत असले पाहिजे. ते ‘आणखी काही’ म्हणजे सेरोटोनिन, अशी शंका आली.

शंका तपासायला प्राणी हवा. प्रयोगशाळेतला नेहमीचा प्राणी म्हणजे उंदीर, आणि उंदराला उलटी करताच येत नाही. (उंदीर मारायची विषे त्याच्यावर इतकी चालतात, याचे हे एक कारण. गिळलेले बाहेर टाकण्याची सोयच नाही.) म्हणून मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यावर प्रयोग झाले. सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राही अडवणारे रसायन दिले, की सिसप्लॅटिन देऊनही फेरेट ओकत नाही, हे इंग्लंडमध्ये १९८६ मध्ये दिसून आले. पुढच्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी या अभ्यासासाठी आणखी एक प्राणी सुचवला. तो आपल्या ओळखीचा आहे : चिचुंद्री. आपण तिला उंदराच्या जातीची समजतो, पण ती कीटकभक्षी. चिचुंद्रीला उलटी होते. इतकेच नव्हे, हलत्या पेटीत ठेवले तर तिला गाडीसुद्धा लागते! माळशेज घाटात बस वळणे घेऊ लागली की ज्या मुलांची तोंडे उतरतात, त्यांना ही माहिती ऐकून बरे वाटेल.

आता यंत्रणा अशी दिसते. शरीरातील सेरोटोनिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आतड्यात असते. सिसप्लॅटिनमुळे लहान आतड्याच्या अस्तरातील काही पेशी दुखावतात आणि सेरोटोनिन सोडतात. शेजारीच व्हेगस या लांब चेतेची टोके असतात. सेरोटोनिन त्यांच्यावरील ग्राहींना चिकटले, की संदेश थेट मेंदूच्या तळाशी जातो. म्हणजे शिरेतून दिलेले औषधही मुख्यतः मोरचुदाच्याच वाटेने कळते. १९९० मध्ये रुग्णांच्या लघवीची तपासणी झाली. सेरोटोनिनचे विघटन होऊन बनणारा पदार्थ सिसप्लॅटिननंतर काही तासांनी वाढतो, आणि उलट्याही त्याच सुमारास सुरू होतात, असे त्यात आढळले.

हा ग्राही अडवणारे ऑनडॅनसेट्रॉन ब्रिटनमध्ये १९९० मध्ये आणि अमेरिकेत १९९१ मध्ये बाजारात आले. मेटोक्लोप्रमाइडच्या मोठ्या मात्रेने, विशेषतः तरुण रुग्णांची, मान वा जबडा आखडण्याचा जो त्रास होई तो याने होत नसे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, फक्त ते बनवण्याच्या कृतीला होते. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी निराळ्या कृतीने ऑनडॅनसेट्रॉन बनवले आणि ते स्वस्त झाले. आज ‘एमसेट’ किंवा ‘ओंडेम’ तालुक्याच्या औषधदुकानातही मिळते, आणि ते आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. पेटंट कायद्याचा धडा नागरिकशास्त्रात रूक्ष वाटतो. त्याचा अर्थ आसनगावच्या लोकलमध्ये असा उतरतो.

रुग्णाला विचारले तेव्हा

उलटीचा प्रश्न सुटला, असे १९९० नंतर अनेकांना वाटले. मोजणीही तसेच सांगत होती. पण मोजले काय जात होते? बहुतेक प्रयोगांत औषध दिल्यापासून पहिल्या चोवीस तासांत किती वेळा उलटी झाली ते. म्हणजे रुग्ण रुग्णालयात किंवा त्याच्या जवळपास असतानाचा काळ.

ऑस्ट्रेलियातील सिडनीमध्ये १९८३ साली एक साधी पाहणी प्रसिद्ध झाली होती. केमोथेरपी घेणाऱ्यांना उपचारातले जे जे नकोसे वाटते, ते तीव्रतेच्या क्रमाने मांडायला सांगितले. पहिला क्रमांक उलटीचा, दुसरा मळमळीचा आला. नवी औषधे आल्यावर तशीच पाहणी पुन्हा केली आणि ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. उलटी पाचव्या क्रमांकावर गेली होती. पहिल्या क्रमांकावर होती मळमळ, त्याखाली सततचा थकवा आणि केस गळणे. या दोन पाहण्या आम्हांला साऱ्या इतिहासातल्या सर्वांत बोलक्या वाटतात. त्यांना ना फेरेट लागले, ना लघवीची तपासणी. माणसाला विचारले, एवढेच.

दुसरी राहून गेलेली गोष्ट वेळेची. सिसप्लॅटिनचा त्रास चोवीस तासांत संपत नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच रुग्णांवर पुढचे काही दिवस लक्ष ठेवले, तेव्हा दहांतल्या नऊहून अधिक जणांना पहिल्या चोवीस तासांनंतरही मळमळ किंवा उलटी होत असल्याचे आढळले. जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक. या उशिराच्या त्रासात सेरोटोनिनचा वाटा कमी, आणि मेंदूतल्या ‘पदार्थ पी’ या दुसऱ्याच रसायनाचा जास्त. त्याला अडवणारे ॲप्रेपिटंट २००३ मध्ये आले.

गुरुजींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दुसऱ्या दिवशी उलटी नाही, कारण गोळी चालू आहे. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाची गोळी झालेल्या उलटीसाठी नसून येऊ घातलेल्या उलटीसाठी आहे. त्या वेळी रुग्ण परळला नसतो, किन्हवलीला किंवा टोकावड्याला आपल्या घरात असतो, आणि चुलीवर शिजणाऱ्या भाताचा वासही त्याला सोसत नसतो. म्हणून चिठ्ठीत लिहिले आहे तितके दिवस गोळी द्यायची. काही बदल करायचा तर तो डॉक्टरांनी. शिक्षकाने फक्त वाचून दाखवायचे. मात्र मळमळ किती आणि केव्हा होते ते वहीत रोज टिपून पुढच्या खेपेला दाखवावे, हे सांगायला हरकत नाही.

पहिल्याच खेपेचा त्रास नीट आवरणे का महत्त्वाचे, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या बी.एड.च्या पुस्तकातले आहे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटे. तसेच पहिल्या दोन-तीन खेपांत फार त्रास झालेल्या रुग्णाला पुढे रुग्णालयाचा वास आला, किंवा डॉक्सोरुबिसिनच्या सलाईनचा लाल रंग दिसला, की औषध देण्याआधीच मळमळू लागते. अशी मळमळ एकदा शिकली गेली की गोळ्यांना दाद देत नाही. इलेन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखवले, की केमोथेरपीच्या आधी नव्या चवीचे आइस्क्रीम खाल्लेली मुले पुढे ते नाकारतात. घरच्यांनी औषधाच्या दिवशी प्रेमाने आवडीचे पक्वान्न खाऊ घालावे आणि नेमके तेच कायमचे नावडते व्हावे, असे घडू शकते. त्या दिवशी साधी पेज बरी.

पाव मात्रा

मळमळीवर खरा उपाय मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. ओलान्झापिन हे छिन्नमनस्कतेवरील औषध. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ते एकाच वेळी डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन अशा अनेकांचे ग्राही अडवते. मनोविकारात हा पसारा कधी दोष ठरतो. मळमळीत तो गुण ठरला, कारण मळमळीच्या वाटाही अनेक आहेत. २०१६ मध्ये रुडॉल्फ नवारी आणि सहकाऱ्यांनी ३८० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सर्वांना तीन नेहमीची औषधे दिली होती. निम्म्यांना जोडीला १० मिलिग्रॅम ओलान्झापिन. पाच दिवसांत अजिबात मळमळ न झालेल्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. गोळी जुनी, पेटंट संपलेले, म्हणून स्वस्तही.

अडचण एकच : झोप. हिस्टामिन अडवले की गुंगी येते, हे सर्दीच्या गोळीमुळे आपल्याला ठाऊक आहे. उलटी नाही, मळमळ नाही, पण माणूस दिवसभर पेंगतो. ज्याला घरी न्यायला मोटार आहे त्याला हे खपून जाईल. पण गाडी बदलून, जिना चढून, एस.टी. पकडून मुरबाडच्या पलीकडे जायचे असेल तर? किंवा दुसऱ्या दिवशी लावणीला जायचे असेल, घरी लहान मूल असेल तर? जपानमधील डॉक्टरांनी १० ऐवजी ५ मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणानंतर देऊन पाहिले, आणि तेही उपयोगी पडते हे २०२० मध्ये दाखवले. यापुढचा प्रश्न परळला विचारला गेला.

टाटा मेमोरियलमध्ये ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २०२१ ते २०२३ या काळात रुग्णांचे दोन गट केले. ज्यांनी सर्वाधिक उलट्या होतात अशी औषधे हे रुग्ण घेत होते. एका गटाला ओलान्झापिन १० मिलिग्रॅम, दुसऱ्याला फक्त अडीच, म्हणजे पाव मात्रा. चाचणी २०२४ मध्ये ‘लान्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उलटी नाही, जादा औषधाची गरज नाही आणि मळमळ नाही किंवा अगदी सौम्य, अशा संपूर्ण आरामाचे प्रमाण पाव मात्रेत ४५ टक्के आणि पूर्ण मात्रेत ४४ टक्के. म्हणजे फरक नाहीच. पहिल्या दिवशी तीव्र गुंगी मात्र पूर्ण मात्रेत ४० टक्क्यांना आली आणि पाव मात्रेत ५ टक्क्यांना.

नवा रेणू नाही, नवे यंत्र नाही, की नवा कारखाना नाही. जुनी गोळी किती द्यावी एवढाच प्रश्न होता, आणि कमी मात्रेत कुणा कंपनीचा नफा नसल्याने तो कंपनीने विचारण्याची शक्यताही थोडी. हे संशोधन आम्हांला मोठे वाटते ते यासाठी. पण ते आकडे पुन्हा पाहिले पाहिजेत. ४५ टक्क्यांना संपूर्ण आराम, म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांना तो मिळालेला नाही. यशाच्या व्याख्येतच आता मळमळ आली आहे, म्हणून तर हे कळते. केवळ चोवीस तासांतल्या उलट्या मोजल्या असत्या, तर हाच आकडा पुष्कळ चांगला दिसला असता.